आडातली कळशी

इंदूर,
पोळ्याचा दुसरा दिवस, 2025

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस, "बक्षीस कसलं रे?" आणि मी "पत्रात लिहितो" म्हणून टाळलं. त्याला कारण आहे. शेवटी सांगतो, मधलं पान उलटून बघू नकोस.

आमच्या जलसंवर्धन मंडळाची स्मृतिसभा देवी अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीला असते, श्रावण वद्य चतुर्दशीला. इथल्या हिंदी पंचांगात तेव्हा भाद्रपद लागलेला, त्यामुळे पत्रिका छापताना दर वर्षी वाद. यंदा देवींच्या जन्माला 300 वर्षं झाली, म्हणून गर्दी जास्त होती. हॉलच्या मध्यावर मोठं पितळी घंगाळ ठेवतात. ज्यानं त्यानं आपल्या घरच्या विहिरीचं किंवा बोरिंगचं तांब्याभर पाणी आणायचं, वर्षभरात गेलेल्या सभासदाचं नाव घ्यायचं आणि पाणी घंगाळात ओतायचं. मग ते घंगाळ उचलून मागच्या रिचार्जच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या, खड्ड्यात रितं करतात. एक महाशय विकतच्या पाण्याची बाटली घेऊन आले होते. त्यांना कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

यंदा सात नावं होती. सातवं आपल्या गणिताच्या सरांचं. ज्येष्ठात गेले. बाई स्वतः तांब्या घेऊन आल्या. हात इतका थरथरत होता की निम्मं पाणी फरशीवर सांडलं आणि खजिनदार पोछा घेऊन धावले. बाई म्हणाल्या, "राहू दे हो, आटेल आपलं आपण." सर असते तर किती वेळात आटेल त्याचं गणित फळ्यावर मांडून बसले असते. त्यांचा तो हिशेब आठवतो ना? शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण 900 मिलिमीटर तरी पडतो. "म्हणजे नव्वद हजार लिटर, गाढवांनो, आणि तुम्ही ते गटारात सोडता!"

पुढे दोन मिनिटं उभं राहून 2023 च्या रामनवमीला गेलेल्या 36 जणांना श्रद्धांजली. इथल्याच देवळातल्या झाकलेल्या बावडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरचा, स्लॅब खचला, तीच गोष्ट. या वेळी मी नेहमी खाली बघतो. का ते तुला माहीत आहे.

1978 साली नर्मदा आली आणि सगळं इंदूर खुळावलं. तिकडे नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, विंध्याचा घाट चढवून आणलेलं पाणी थेट मोरीत! नर्मदेच्या पाण्यासाठीच्या 1970 च्या आंदोलनात बाबा मोर्च्यात गेले होते, त्यांना तर तो विजयच वाटला. अंगणातल्या आडाला कोण विचारतो? मला स्कूटर ठेवायला जागा हवी होती, टाकला स्लॅब. सिमेंटच्या पाट्या तू नि मी मिळून वाहिल्या. आई एकटीच आडवी आली. शेवटी "त्याला श्वास तरी घेऊ द्या" म्हणून तिनं चार इंची पाइप ठेवायला लावला.

बावडीची बातमी आली त्या रात्री मी पहिल्यांदा स्कूटर बाहेर काढली. मग त्या पाइपातून एक खडा सोडला. बराच वेळ काही नाही, आणि मग खालून डुबुक. पंचेचाळीस वर्षं नर्मदेची वाट बघत आम्ही एक दिवसाआड हंडे भरतोय आणि अंगणाखाली पाणी उभं!

स्लॅब फोडला, गाळ काढला, जाळी बसवली. गच्चीचं पाणी आधी दगड, खडी, वाळूतून गाळून आडात सोडलं. आपली काळी माती पावसात फुगून घट्ट बसते, वरून पाणी खाली जाऊच देत नाही. आड मात्र ती भेदून थेट मुरमात, खडकाच्या फटीत उतरलेला. नवा खड्डा खणायचीही गरज पडली नाही. गेल्या मेमध्ये शेजारच्या तिघांची बोरिंग सुरू राहिली, एरवी ती एप्रिलातच फुसफुसतात.

तर याचं मला दुसरं बक्षीस. पहिलं सातवीतल्या एका मुलीला. घरच्या गळक्या नळाखाली रात्रभर तांब्या ठेवून तिनं वहीत नोंद केली होती, "पावणेदोन तांबे." तो पाऊण मला फार आवडला. सरांनी तिला पैकीच्या पैकी दिले असते. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले आणि थेंबाथेंबावर चाळीस मिनिटं बोलले. तोवर मसालेभाताचा वास हॉलमध्ये पोचला होता. पंगत झकास झाली. अळूची भाजी, भुट्ट्याचा कीस, मठ्ठा, जिलबी. आग्रह जिलबीचा, पाणी मात्र "अर्धा पेला घ्या, लागलं तर परत मागा." हा नियम सरांचाच.

बक्षीस म्हणून तांब्याचा तांब्या मिळाला. तो घेताना सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला पाट्या वाहणारे आपण दोघं दिसत होतो. आड झाकणाऱ्यालाच आड उघडल्याचं बक्षीस!

आता ते कारण. गाळ काढताना मजुरानं तिसऱ्या दिवशी एक काळंठिक्कर भांडं वर पाठवलं. चिंचेनं घासलं तर पितळ चमकलं आणि काठावर तुझ्या आजीचं नाव कोरलेलं. तीच कळशी, जिच्यासाठी काकांनी तुला वेताच्या छडीनं फोडलं होतं. दोन दिवस गळ टाकूनही ती सापडली नव्हती. बंड्या, ती तू नव्हती टाकलीस. रहाटाचा दोर मी सोडला होता आणि अंगणातून पळालो होतो.

कळशी एका बाजूनं चेपली आहे, पण गळत नाही, पाणी भरून पाहिलं. कुरिअरनं पाठवणार नाही. दिवाळीत वहिनींना घेऊन ये आणि घेऊन जा. छडी काकांची होती, ती काही आता मिळायची नाही.

तुझा,
दादू