कामगार मंत्र्यांना खुले पत्र : दहा तास राहू द्या, आधी नऊ तरी मोजा

मा. संतोष लाड,
कामगार मंत्री, कर्नाटक राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या वडगावची. नोकरी बेंगळुरूच्या एका आयटी कंपनीत, काम घरातून. आपण कलघटगीचे आमदार, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातले, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

जून २०२५ मध्ये आपल्या खात्याने १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्यात दुरुस्तीचा प्रस्ताव चर्चेला घेतला. रोजचे नऊ तास दहावर, ओव्हरटाइम धरून दहाचे बारा आणि तीन महिन्यांतला ओव्हरटाइम ५० तासांवरून थेट १४४. आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. तो प्रस्ताव कायमचा गुंडाळा, ही पहिली विनंती.

पण साहेब, आजचे नऊ तास तरी कोण पाळतंय? आमच्या टाइमशीटमध्ये दिवसाला आठच्या वर आकडा टाकला की रकाना लाल होतो आणि मॅनेजरची मंजुरी मागतो. कशाला कटकट, म्हणून सगळे मुकाट्याने आठ लिहितात. अमेरिकेतल्या टीमबरोबरचा कॉल उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला असतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसातला. तो संपेस्तोवर घरातली जेवणं उरकलेली असतात. सकाळचं लॉगिन मात्र नऊलाच. कायदा ओव्हरटाइमला दुप्पट पगार देतो, पण जो ओव्हरटाइम लिहिलाच जात नाही, त्याची दुप्पट किती?

आमच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. मागावरच्या माणसाचे हाल मी काही गोड करून सांगणार नाही, त्याचेही तास लांबलचकच. पण माग बंद झाला की खटखट थांबते आणि सुटी झाल्याचं अख्ख्या गल्लीला कळतं. आमचा लॅपटॉप मिटला तरी फोन किणकिणतच राहतो.

१० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली, ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं लावून धरलं म्हणून. गिरणीवाल्यांचंही तेव्हा नुकसानच होणार होतं म्हणे! आज कोणी आठवड्याला सत्तर तास सांगतो, कोणी नव्वद. उलट ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी पगार न कापता कामाचा वेळ कमी करून पाहिला, आणि त्यातल्या ५६ कंपन्यांनी प्रयोग संपल्यावरही तो पुढे चालू ठेवला.

वेळ मिळाला तर करणार काय, असं विचारणारेही भेटतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथे दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. मंडपाची खटपट, वर्गणी, ग्रंथदिंडी, पाहुण्यांची ने-आण, सगळं गावकरीच करतात. बैठका रात्री असतात. तिथे साठीचे लोक दिसतात. पंचविशीतला पोरगा आलाच तर हेडफोन कानात घालून, म्यूटवर. भाताच्या रोपलावणीला सुटी मागितली तर ‘लॅपटॉप सोबत ठेव’ हे उत्तर ठरलेलं. सीमाभागात भाषा टिकवायची म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, पण त्यासाठी लागणारी संध्याकाळच विकली गेलीय, हे आमच्या पुढाऱ्यांनाही कोणीतरी सांगायला हवं. (ते दुसऱ्या पत्रात.)

‘बियाँड बेंगळुरू’ म्हणत सरकार हुबळी-धारवाड-बेळगावकडे कंपन्या आणू पाहतंय. जरूर आणा. पण बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा जो वेळ इथे वाचतो, तो आज कंपनीच्याच खात्यात जमा होतोय. आयटी कंपन्यांना स्थायी आदेशांच्या (म्हणजे नोकरीच्या अटी लेखी ठरवून देण्याच्या) कायद्यातून आपण २०२४ मध्ये सूट वाढवून दिलीत. अशा सवलतीला एक अट जोडा: लॉगिन-लॉगआउटची खरी नोंद कामगार निरीक्षकाला दिसली पाहिजे, टाइमशीट नव्हे. फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याला कायद्याचा आधार दिलाय. कर्नाटकाने तो द्यायला काय हरकत आहे? देशाची आयटी राजधानी म्हणवतो ना आपण?

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा इथल्या आयटीतल्या मुलामुलींना अर्धा तास द्या. वेळ सकाळी लवकरची ठेवा. संध्याकाळी आमच्यातलं कोणीच मोकळं नसतं.

आपली,
वडगावची एक आयटी कर्मचारी