हॉटेलात जा, पण आधी तेलाचं विचारा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईला सिलिअ‍ॅक असल्याचं कळल्यापासून तुम्ही दोघांनी बाहेर जेवणंच बंद केलंय. या आजारात गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते हे खरं, पण बाहेर जेवणंच सोडायची गरज नाही. भात, डाळी, ज्वारी, नाचणी, बेसन एवढं सगळं असताना गव्हावाचून पान रिकामं राहत नाही. घात होतो तो पदार्थाच्या नावावर विसंबल्याने. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा, ऑर्डर तुम्ही देता, म्हणून आधी तुम्हाला. वेटरपाशी 'ग्लूटेन' हा शब्द काढू नका. बहुतेक ठिकाणी तो कळत नाही, आणि माणूस मान डोलावून निघून जातो. 'गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, जव, यातलं काहीच चालत नाही' असं एकेक नाव घ्या. नुसतं 'मैदा नको' म्हटलंत तर 'मैदा नाही साहेब, आटा आहे' असं उत्तर येतं, आणि सांगणाऱ्याच्या मते ते बरोबरच असतं. प्रश्नही असा विचारा की 'हो' किंवा 'नाही'वर भागणार नाही. 'ग्रेव्ही कशाने दाट करता?' असं विचारलं की काजू, मगज, कांदा-टोमॅटो अशी नावं यायला हवीत. वेटर अडखळला तर आचाऱ्याला विचारून यायला सांगा. त्यात संकोच कसला?

आई, तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेल. कांदाभजी बेसनाची, साबुदाणावडा तर उपासाचा, दोन्हीत गहू नाही. पण त्याच कढईत सकाळपासून समोसे, पुऱ्या, ब्रेडपकोडे तळून झालेले असतात. मैद्याचे कण सुटून तळाशी काळे होऊन बसतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात. तेल कितीही तापलं तरी ग्लूटेन नष्ट होत नाही. वेगळी कढई नसेल तर तळलेलं घ्यायचंच नाही. पापडही नको. भाजला तरी त्यात बहुधा हिंग असतो, आणि हिंगाचं पुढे सांगते.

दुसरं म्हणजे हिंग. अस्सल हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या बांधानी हिंगात डिंक आणि पीठ मिसळतात. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काहींत तांदळाचं असतं. घरी डबीवर वाचता येतं, हॉटेलात कुठली डबी वापरतात ते आपल्याला दिसत नाही. आमटी, सांबार, कढी, मसालेभात सगळीकडे तो असतोच. सांबाराचं तर पातेलंच सकाळी तयार होतं, त्यातून हिंग वगळता येत नाही. म्हणून बिनहिंगाचं साधं वरण मागव आणि वर तूप-जिऱ्याची फोडणी वेगळी करून घे. इडलीबरोबर बिनफोडणीची चटणी. 'चिमूटभराने काय होतंय' असं मनात येईल, पण पोट दुखलं नाही म्हणजे पचलं असं या आजारात धरता येत नाही. आतड्याच्या अस्तराला इजा गुपचूपही होत राहते.

साध्या डोशात तांदूळ आणि उडीदच असतात, पण त्याच तव्यावर रवा डोसा पडतो, आणि कुरकुरीतपणासाठी काही जण साध्या पिठातही रवा घालतात. दोन्ही विचारा. त्यापेक्षा तांदळाची इडली बरी, फक्त रवा इडली त्याच साच्यांत होत नाही ना, एवढं पाहा.

मासे म्हटलं की रवा फ्राय आलंच. तांदळाच्या पिठात घोळवून, तवा घासून द्या म्हणावं. मालवणी वड्यांच्या पिठात पुष्कळदा गहू असतो, ते नकोत. सोलकढी पी. बिर्याणीत दोन जागा फसव्या आहेत: दम देताना हंडीचं झाकण कणकेने लिंपतात, आणि वरचा तळलेला कांदा कुरकुरीत व्हावा म्हणून त्याला मैदा लावलेला असू शकतो. तंदूरचं सरळ सोडून द्या. ज्या भिंतीला रोट्या चिकटतात, तिच्याजवळच पनीरच्या सळया टांगतात. चायनीजही नको. सोया सॉस बहुधा गव्हापासून केलेला असतो, मंचुरियनमध्ये मैदा असतो.

भाकरी ज्वारीची असली तरी परात, तवा पोळ्यांचाच असतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच असं धरा. घरून दोन भाकऱ्या न्या, आणि त्यांचं पीठ गिरणीत गव्हाच्या मागून दळलेलं नको. पाकिटातलं घेतलंत तर 'ग्लूटेन फ्री' छापलेलं बघा. आपल्याकडे त्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं.

उपासाचे पदार्थ मात्र आई, तुझ्या हक्काचे. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, यांत गहू नाही आणि उपास म्हणून हिंगही टाळतात. पण भांडी वेगळी ठेवली आहेत का, ते इथेही विचार.  तळलेलं तेवढं टाळ.

गोडात श्रीखंड, बासुंदी, खरवस चालेल. गुलाबजाम, जिलबी, शिरा नाही. रसगुल्ल्यात छेना बांधायला रवा किंवा मैदा घालतात का, ते विचारावं लागतं.

जेवायला बारालाच पोचा. दीडच्या गर्दीत आचारी तवा घासणार नाही. बुफे नको, एका पातेल्यातला डाव दुसऱ्यात जातो. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूकार्डावर अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते, तिथे ती मागून घ्या.

आणि बाबा, तुम्ही नान खाणार असाल तर आईची भाजी वेगळ्या वाटीत घ्या. नानचा तुकडा तिच्या वाटीत एकदा बुडाला की ती वाटी तिच्यासाठी गेली.

खालचा मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मागच्या बाजूला हिंदीत लिहा, आणि ऑर्डर देताना आत पाठवा:

'मला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, जव आणि पीठ मिसळलेला हिंग यांचा कणही चालत नाही. धुतलेलं भांडं, वेगळा चमचा आणि न वापरलेलं तेल घ्यावं. खात्री नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरं काही मागवू.'

तुमची लेक