नसांची तपासणी करणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. तुमचं नाव त्यावर कुठेच नाही, म्हणून हे आभार असे जाहीरपणे.

बोटांची टोकं चुरचुरतात, रात्री आग होते, हे मी तोपर्यंत इतक्या जणांना सांगून झालं होतं की त्यांची उत्तरंही पाठ झाली होती. बी-१२ कमी असेल. शुगर बघितलीस का? मोबाइल जरा कमी कर. सल्ले वावगे नव्हते. मधुमेह, बी-१२ आणि थायरॉइड या तिन्ही गोष्टी आधी बघायच्याच असतात. डॉक्टरांनी त्या बघितल्या, रक्त ठीक निघालं आणि मला तुमच्याकडे पाठवलं.

तारा जोडण्याआधी तुम्ही कागदावर पंजा काढलात आणि पेन माझ्याकडे दिलंत. ‘जिथे आग होते तेवढंच रंगवा.’ रंगवायला बसले तेव्हा मलाच पहिल्यांदा नीट दिसलं: अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू. करंगळी कोरी, तळहातही कोरा. ‘सगळी बोटं’ असं मी सर्वांना सांगत होते, आणि कोणी कधी ‘कुठली?’ म्हणून विचारलंही नव्हतं.

अर्धी अनामिका बघून तुम्ही खूश झालात, हे मला तेव्हा जरा विचित्रच वाटलं होतं! मग समजावलंत. या बोटाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या नसा येतात. करंगळीकडच्या बाजूला येते ती कोपराच्या आतल्या अंगाने. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात, त्या तिच्याच. अंगठ्याकडच्या बाजूला येणारी मनगटातल्या अरुंद बोगद्यातून येते, आणि तिथे तिच्या सोबतीला बोटं वाकवणारे नऊ दोर असतात. तिथली सूज वाढली की दबते ती नस. तळहाताची फांदी आधीच फुटून बोगद्याच्या वरून जाते, म्हणून तळहात सुटला. मानेतून त्रास असता तर तो बहुधा दंडातून खाली उतरत आला असता. मधुमेहाचा असता तर सुरुवात बहुतेक पायांच्या बोटांपासून झाली असती, कारण सर्वांत लांब नसा आधी कुरकुरतात. हे सगळं सांगून वर म्हणालात, ‘पण आजाराचं नाव डॉक्टर देतील, मी नाही.’

बाहेर रांग होती. तरी माझे हात गार लागले म्हणून तुम्ही ते आधी शेकलेत. गार हातात नसेतून संदेश सावकाश जातो आणि धडधाकट नसही आजारी दिसू शकते, हे मला कुठे माहीत होतं? ती काही मिनिटं तुम्ही वाचवली असती तर कोणाला कळलंही नसतं. रिपोर्ट मात्र फसवा आला असता.

तपासणीतल्या विजेच्या झटक्यांची मला धास्ती होती. प्रत्येक झटक्याआधी तुम्ही सांगत गेलात, ‘आता थोडा जोरात.’ मग त्याच अनामिकेवर दोन्ही नसा सारख्या अंतरावरून तपासल्यात. करंगळीकडचा संदेश वेळेत पोचला, मनगटातून येणारा मागे राहिला. पडद्यावरच्या त्या दोन रेघा बघून मला चक्क बरं वाटलं. आजार निघाला म्हणून बरं वाटणं चमत्कारिकच, पण ज्याला महिनोन्‌महिने ‘मनाचे खेळ’ ऐकावं लागलंय त्याला ते कळेल.

माझ्या आधीच्या बाईंचा रिपोर्ट नॉर्मल होता आणि त्या रडवेल्या झाल्या होत्या. त्यांना तुम्ही सांगत होतात ते मी ऐकलं: ही तपासणी नसांमधल्या जाड तंतूंची असते. जळजळ, गरम-गार ही जाणीव बारीक तंतूंमधून जाते, ते इथे दिसतच नाहीत. म्हणजे रिपोर्ट चांगला आला तरी दुखणं खोटं ठरत नाही, डॉक्टरांना पुढे विचारा. खरं सांगू का, या पत्राला मुख्य कारण तेच आहे.

माझं म्हणाल तर डॉक्टरांनी कार्पल टनेलच म्हटलं, म्हणजे मनगटातल्या त्या बोगद्यात नस दबणं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधते. हात झटकत उठणं जवळजवळ थांबलंय, टोकांची चुरचुर अजून आहे. अंगठ्याच्या मुळाशी मांस झडायला लागलं किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या तर लगेच या, असं त्यांनी बजावलंय. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: हात अचानक बधिर झाला आणि तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर या सगळ्या तपासण्या विसरून तडक इमर्जन्सी गाठायची.)

तो रंगवलेला पंजा तुम्ही रिपोर्टला जोडून दिलात, तो डॉक्टरांनी आधी बघितला. पुन्हा तपासणी लागली तर तुमच्याचकडे येईन, आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे हाताला क्रीम न लावता.

तुमची एक पेशंट