गुड्डीच्या ऑपरेशनआधी

अमळनेर

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

गुड्डीच्या खाली पडलेल्या पापणीच्या ऑपरेशनची तारीख ठरली, फार बरं झालं. फोनवर तुझं मन मागेपुढे होताना जाणवलं, म्हणून सविस्तर लिहिते. अक्षय्य तृतीयेची आखाजी होऊ दे, मग बघू, असं कुणी म्हटलं तरी आता पुढे ढकलू नकोस. "पोरना डोया बारीक शे, त्यात काय एवढं," म्हणणारे आपल्या भाऊबंदांत आहेत. मुलीची जात, चेहऱ्यावर टाके नकोत, लग्नाच्या वयात करू, असंही माझ्या कानावर आलं. त्यांना सांग, हे रूपासाठी चाललेलं नाही. पोर चार वर्षांची आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. पापणीने बाहुली झाकलेली राहिली तर त्या डोळ्याकडून चित्रच नीट पोचत नाही आणि मेंदू हळूहळू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. आळशी डोळा म्हणतात तो हाच. ते वय निघून गेल्यावर पापणी कितीही छान उचलली तरी गेलेली नजर सहसा भरून येत नाही. ती टीव्ही बघताना हनुवटी वर करते, भुवई ताणते, ते चाळे नाहीत रे. पापणीखालून बघायची धडपड आहे तिची.

दुसरी गोष्ट वैशूची. ग्रहणात हिने भाजी चिरली म्हणून पोरीचा डोळा असा झाला, हे कुणीही तिच्यापुढे बोललं तर तू तिथल्या तिथे थांबव. मी इथे थांबवलंच आहे. पापणी उचलणारा स्नायूच जन्मापासून नीट घडलेला नाही, त्यात ग्रहणाचाही दोष नाही आणि आईचाही नाही. अंगणवाडीत मी इतक्या आयांना उगाच रडताना पाहिलंय, माझ्या घरात ते चालणार नाही.

आता तयारीचं. तिचा तो स्नायू फारच दुबळा आहे, म्हणून पापणी आतून कपाळाच्या स्नायूला जोडणार, असं तू म्हणालास. जोडायला सिलिकॉनची दोरी वापरणार की तिच्याच मांडीतली पट्टी काढणार, ते आधी विचारून घे. मांडीला टाके पडणार असतील तर पोरीला आणि वैशूला ते आधी माहीत हवं. चष्मा लागेल का, चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी बांधावी लागेल का, हेही विचार. ऑपरेशनने दार उघडतं, पण डोळ्याला बघायची सवय त्यानंतर लावावी लागते.

भूल पूर्ण देणार आहेत, त्यामुळे दोन गोष्टींत मी फार कडक आहे. आठ-पंधरा दिवसांत सर्दी, खोकला, ताप आला तर लपवू नका. तारीख जाईल म्हणून लपवणारे लोक असतात, पण सर्दीत भूल दिली तर श्वासनलिका आवळण्याचा धोका वाढतो. तारीख दुसरी मिळेल. आपल्या घरात कुणाला भुलेचा त्रास झाला असेल, किंवा तिला जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नसेल, तर तेही सांगायचं.

आणि उपाशी ठेवण्याचं. अन्न आणि गाईम्हशीचं दूध साधारण सहा तास आधी बंद करतात, साधं पाणी मात्र बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडचा हा उन्हाळा, पारा पंचेचाळीसच्या आसपास. भीतीपोटी पोरीला मध्यरात्रीपासून तहानलेली ठेवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून शेवटच्या घोटाची नेमकी वेळ कागदावर लिहून घ्या आणि तीच पाळा. पण रडते म्हणून दयेने कुणी बिस्किट हातात दिलं, तर भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. मीही देणार नाही, ती कितीही रडली तरी.

काजळ आधीच बंद करा, नखं कापा, पुढून बटणं असलेला फ्रॉक घाला म्हणजे डोक्यावरून ओढावा लागणार नाही. तिच्याशी खोटं बोलू नका. सारंगखेड्याच्या जत्रेला नेतो सांगून दवाखान्यात न्याल तर पुढे ती कोणत्याच डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही. तू झोपशील, उठशील तेव्हा डोळा जड वाटेल, थोडं दुखेल, आई तिथेच असेल, एवढं सांगा. बाहुलीच्या डोळ्याला पट्टी लावून तिच्याशी दवाखाना-दवाखाना खेळा. मी सगळ्या पोरांना असंच समजवायची.

नंतर सूज येईल, निळंकाळं होईल. त्याने घाबरू नका. झोपेत तो डोळा थोडा उघडा राहील, खाली बघतानाही पापणी जरा वरच थांबेल. अशा ऑपरेशनमध्ये हे होतंच. म्हणून रात्रीचं मलम एकही दिवस चुकवायचं नाही, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. डोळा चोळायला हात गेला तर कोपर वाकू नये असं काही बांधता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. डोळा फार दुखायला लागला, पू आला किंवा बुबुळावर पांढरं दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता न्यायचं. दोन्ही डोळे अगदी सारखे दिसतीलच असं नाही, दोरी पुढे सैल पडली तर पुन्हाही करावं लागतं. हे आजच मनाशी धरून ठेव.

यंदा आखाजीला येऊ नका. झोक्यावर पोरांची ढकलाढकली असते, धूळ असते. कानबाईच्या सणाला या, श्रावणापर्यंत ती मोकळी होईल. मी ऑपरेशनच्या दोन दिवस आधी जळगावला येते, स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, रिक्षा करीन. वैशूला म्हणावं, स्वयंपाकाची काळजी करू नको. गुड्डीचे जन्मापासूनचे फोटो काढून ठेव, डॉक्टरांना दाखवायला लागतील.

तुझी,
माय