‘मुलीसारखं’ : आधी टोमणा, मग हुकूम

महोदय,

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) ही कादंबरी वर्गात शिकवताना जवळजवळ सगळा वेळ वंशद्वेषाच्या खटल्यावर जातो. मुलांमधल्या लिंगभेदाची बोळवण अलेक्झांड्रा आत्यावर खापर फोडून होते. आत्या छोट्या नायिकेच्या, स्काउटच्या विजारीवर चिडते, तिने खेळभांडी मांडावीत म्हणते, हे खरंच. पण जास्त बोचरा धडा तिला भावाकडून, जेमकडून मिळतो.

सहावं आणि बारावं प्रकरण शेजारी ठेवून वाचायला द्यावं. सहाव्यात स्काउट रात्री शेजारच्या रॅडलींच्या, मुलांना भीती वाटणाऱ्या घराकडे जायला कचरते, तेव्हा ‘तू मुलीसारखी होत चाललीस’ असं जेम हिणवतो आणि ती मुकाट सामील होते. बाराव्यात तोच, आता बारा वर्षांचा झालेला जेम ‘जरा मुलीसारखी वाग’ म्हणून दटावतो. कोण बोललं, कोणाला, आणि ऐकल्यावर मुलीने काय केलं, एवढंच विद्यार्थ्यांनी वहीत टिपावं. ‘कोण चांगलं, कोण वाईट’ विचारलं की चर्चा तिथेच मरते.

तेविसावं प्रकरण तर हमखास गाळलं जातं. अमेरिकेतल्या अलाबामात बायकांना ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, बसता येत नाही, हे वकील असलेला बाप अ‍ॅटिकस मुलांना सांगतो. स्काउट आधी संतापते. मग बायका मध्येमध्ये प्रश्न विचारतील, खटला संपायचाच नाही, या त्याच्या विनोदावर हसते. आदर्श बापाच्या तोंडचा हा विनोद तपासलाच पाहिजे. ती बंदी न्यायालयाने रद्द केली १९६६ साली, पुस्तक आल्यावर सहा वर्षांनी.

— एक वाचक