चंद्रावरचा नळ कोणाचा?

परळ, मुंबई
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय विजू,

परवा फोनवर तू चिडून म्हणालास, "आधी लातूरला रोज पाणी द्या, मग मंगळावर घरं बांधा." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ते दिवस तू काढलेस. तुझ्यापुढे देशाच्या अभिमानाच्या गोष्टी करणं मला जमणार नाही. पण तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या चाळीतली पहाट आठवते? साडेचारला पाणी यायचं, तासाभरात पिंप, हंडे, कळश्या भरून घ्यायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी आई तुळशीला घालायची, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरी धुवायला ठेवायची. अंतराळ स्थानकातही हेच चालतं रे. श्वासातली वाफ, घाम, लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा पितात. तिथलं ९८ टक्के पाणी परत मिळवता आल्याचं नासाने २०२३ मध्ये सांगितलं. वर्गात हे सांगितलं की पोरं आधी नाकं मुरडतात, मग एकदम शांत होतात. चंद्रावर राहायचं तर पाण्याचा थेंब न् थेंब इथून वाहून नेणं कुणालाच परवडणार नाही.

म्हणून सगळ्यांची नजर चंद्राच्या ध्रुवांवर आहे. तिथल्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, आणि त्या कायमच्या अंधारात बर्फ टिकून राहिलाय. चंद्रावर पाण्याचे रेणू आहेत हे २००९ मध्ये कळलं, ते आपल्या चांद्रयान-१ वर बसवलेल्या नासाच्या उपकरणामुळे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिणेकडे उतरला तेव्हा मी रडलो. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, तिथं वस्ती झाली तर नळ कोणाचा?"

विजू, तो प्रश्न मला अजून सोडत नाही. १९६७ चा आंतरराष्ट्रीय अंतराळ करार सांगतो की चंद्रावर कुठल्याच देशाला मालकी सांगता येणार नाही. पण २०१५ मध्ये अमेरिकेनं कायदा केला: आपल्या नागरिकांनी, कंपन्यांनी तिथून जे काढलं ते त्यांचं. जून २०२३ मध्ये आपणही आर्टेमिस करारावर, म्हणजे चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेनं पुढे केलेल्या नियमांवर, सही केली, आणि खनिज किंवा पाणी काढणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे, अशीच त्याचीही भूमिका आहे. बर्फातून पिण्याचं पाणी मिळतं, श्वासाला प्राणवायू मिळतो, रॉकेटचं इंधनही होतं. आधी पोचेल त्यानं नळाखाली हंडा लावायचा आणि हलवायचाच नाही, असं झालं तर? चाळीत अशा भांडणात चार बायका मध्ये पडायच्या, आणि पाळी ठरायची. तिथली पाळी कोण ठरवणार, हे आत्ताच बोलायला हवं, आणि त्या बोलण्यात लातूरचा माणूस हवा. टंचाई त्याला कळते.

मंगळाचं मात्र मला पटत नाही. तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, मातीत विषारी क्षार. संशोधनाला जरूर जावं. पण पृथ्वी बिघडली तर तिकडे राहायला जाऊ असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

आणखी एक. आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला यंदा अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोग सोबत होता. आईला सांगितलं. ती मूग भिजत घालत होती. हात थांबवून म्हणाली, "वजनच नाही तिथं, मग मुळाला खाली कुठं ते कळतं कसं?" पंचाहत्तरीच्या बाईनं नेमका शास्त्रज्ञांचा प्रश्न विचारला बघ. मी तिला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, बाकी वाचतोय.

दिवाळीत पोरांना घेऊन ये. वरळीच्या नेहरू तारांगणात जाऊ. आणि तुमच्याकडे आता पाणी किती दिवसांनी येतं, ते नक्की कळव.

तुझा,
बाळू