एक विद्यार्थी, एक घटक

पुणे

प्रिय अनघा,
स. न. वि. वि.

पोस्टडॉकचा (पीएचडीनंतरच्या संशोधनाचा) सगळा दिवस प्रयोगशाळेतल्या बेंचवर जातो, मग शिकवण्याचा अनुभव मिळवायचा कधी, हा तुझा प्रश्न. मला विचारशील तर दहा ठिकाणी एकेक पाहुणं व्याख्यान देऊ नकोस. एक विद्यार्थी आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमातला एक घटक असे दोनच धर, पण शेवटपर्यंत ने.

विद्यार्थी उन्हाळ्यात मिळतो. तीन विज्ञान अकादमींची समर फेलोशिप दोन महिन्यांची असते. मुलगी येते तुझ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या नावावर, पण रोज तिच्या शेजारी उभं राहायचं असतं पोस्टडॉकनं. आठ आठवडे भुर्रकन जातात, म्हणून सहाव्या आठवड्यात उत्तर हाती येईल एवढाच प्रश्न तिला दे. तुझा अडलेला प्रयोग तिच्या गळ्यात मारू नकोस, तुला वर्षभरात जमला नाही तो तिला कसा जमेल?

पहिल्या दिवशी पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत) नको, नुसती पिपेट (द्रव मोजून ओढायचं साधन). १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा वजनकाट्यावर सोडायला लाव. दर वेळी ०.१ ग्रॅमची भर पडायला हवी. सतत जास्त येत असेल तर तिचा अंगठा बघ, पाणी ओढताना बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबलं जात असतं. आकडे वरखाली होत असतील तर पिपेटच्या टोकाची टिप सैल बसलेली असते, नाहीतर बटण झटकन सोडल्यानं हवा शिरते. काटा समोर आहे, तिचं तिला सापडू दे. पिपेट तिच्या हातातून काढून घ्यायचा मोह होतो, तेवढा आवर. मग पीसीआर. आठ नळ्या असतील तर कमी पडू नये म्हणून मिश्रण नऊंचं, आणि आठातली एक नळी डीएनएविना. जेलवर (डीएनए पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या थरावर) त्या नळीच्या रांगेत पट्टा उमटला तर त्याचा अर्थ आधी तिनं सांगायचा, तू नाही.

घटकासाठी जवळच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना भेट. चार तासिका आणि एक प्रात्यक्षिक पुरे. परीक्षेचे प्रश्न आधी लिही, टिपणं नंतर. आपल्याकडून चूक हमखास होते ती सेमिनार देण्याची: चाळीस स्लाइड आणि वर्ग गप्प. त्यापेक्षा विचार, पीसीआरच्या दर चक्रात प्रती दुप्पट होतात, तर डीएनएच्या एका रेणूपासून ३० चक्रांनंतर किती प्रती? शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटं दे. उत्तर १०७ कोटींच्या घरात येतं, आणि मुलं चकित होतात. लगेच पुढचा प्रश्न: प्रत्यक्षात इतक्या का होत नाहीत? प्राइमर (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) संपत येतात, प्रती करणारं एन्झाइम थकतं, हे त्यांच्याकडूनच येऊ दे. एका तासिकेला तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना मागच्या बाकावर बसायची विनंती कर आणि त्यांचा अभिप्राय लेखी घे.

मानधन घेण्याआधी तुझ्या फेलोशिपचे नियम वाच आणि संस्थेची परवानगी काढ. घटक संपला की त्याच आठवड्यात तासिकांची संख्या लिहिलेलं, प्राचार्यांच्या सहीचं पत्र घे. वर्षभरानं मागायला गेलीस तर कागद शोधायला कुणाला वेळ नसतो.

समर फेलोशिपचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच जातात. तेव्हा दिवाळी झाली की लगेच मॅडमशी बोल. आठवड्याचे किती तास या कामाला देणार ते ठरवून घे, आणि शिफारसपत्रात याचा उल्लेख करतील का तेही तेव्हाच विचार.

तुझी,
मेधा